संच मुका झाला की आधी काय बघायचं?

 

मृग लागायला आता पंधरा-वीस दिवस राहिले. कौलं चाळून झाली, लाकडं पडवीत आली, मसाला-पापड डब्यात गेले. आमच्या बचत गटांत या दिवसांत आणखी एक काम असतं. कपाटातले हातातले रेडिओ संच बाहेर काढायचे, चार्ज करायचे आणि वाडीवाडीतून एकमेकींना हाक मारून बघायची. दरवर्षी हे काम सुरू झालं की दोन दिवसांत चार निरोप येतातच. "ताई, आमचा संच गेला." "आमचा नुसता खरखरतो." "आमचा ऐकतो, पण बोलत नाही." आणि दरवर्षी त्या चारांतले तीन संच अगदी धडधाकट निघतात. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिसायला वॉकीटॉकीसारखा असलेला हा संच हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा. त्याला मोबाईलचा टॉवर लागत नाही. एका संचातून निघालेला आवाज थेट दुसऱ्या संचात जातो, किंवा डोंगरावरच्या रिपीटरवरून पुढे जातो. पण तो बाजारातून आणला आणि बोलायला लागलो, असं चालत नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, परवाना काढावा लागतो, आणि परवान्यासोबत आपल्याला आपलं स्वतःचं कॉल साईन मिळतं. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते. आमच्या गटांतल्या अकरा जणींनी ती दिली. त्यात एक आजी आहेत आणि एक बारावीतली मुलगी आहे. आणखी एक, या संचावर धंद्याचं बोलायचं नाही. दुधाचा भाव, लोणच्याची ऑर्डर यासाठी फोन आहे.

मग एवढा खटाटोप कशाला? २२ जुलै २०२१ चा पाऊस कोकणात कुणी विसरलेलं नाही. चिपळूण पाण्यात, महाड पाण्यात, तळीयेवर दरड आली, आणि कितीतरी ठिकाणी फोन लागत नव्हते. माणूस जिवंत आहे की नाही एवढंही पलीकडच्या गावाला कळत नव्हतं. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात त्सुनामी आली तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद ही हॅम बाई योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये आपला संच घेऊन होती. तिथले फोन बंद पडले आणि तिच्या संचावरून बेटांवरचे निरोप बाहेर गेले. आम्ही परीक्षेचा अभ्यास करत होतो तेव्हा ही गोष्ट आम्हाला सांगितली होती, आणि घरी "बायकांना हे कशाला" असं विचारणाऱ्यांना आम्हीही तीच सांगितली.

आता मुद्द्यावर येऊ. संच चालत नाही, असं कुणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न एकच असतो. तुम्हाला ऐकू येत नाही, की तुमचं कुणाला ऐकू जात नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी. "चालत नाही" म्हणणं म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन नुसतं "बरं नाही" म्हणण्यासारखं.

ऐकू येत नसेल तर आधी आवाजाचं बटण. हसू नका, संच पिशवीत घालताना ते फिरतं. मग संचावरचा छोटा दिवा बघा. समोरची बोलत असताना बहुतेक संचांवर हिरवा दिवा लागतो. दिवा लागतोय आणि आवाज नाही, तर याचा अर्थ निरोप तुमच्या संचापर्यंत पोचलाय, संचानेच तो अडवून ठेवलाय. तो का अडवतो? टोनमुळे. टोन म्हणजे आपल्या बोलण्याच्या खाली चालणारी एक बारीक गुणगुण. ती आपल्या कानाला जाणवत नाही, पण संचाला कळते. "ही गुणगुण असलेलाच आवाज आत घे" असं संचाला सांगून ठेवलं असेल, तर गुणगुण नसलेल्या आवाजाला तो दार उघडत नाही. यावर तपासणी सोपी आहे. संचाच्या बाजूला 'मॉनिटर'चं बटण असतं. समोरची बोलत असताना ते दाबून धरा. आता आवाज आला, तर संच चांगला आहे, टोनचं सेटिंग चुकलंय. ऐकण्याचा टोन काढून टाका. बोलण्याचा टोन मात्र राहू द्या, रिपीटरला तो लागतो.

दिवाच लागत नसेल तर स्क्वेल्च बघायचा. कुणी बोलत नसताना येणारी खरखर बंद ठेवायला हे सेटिंग असतं. शून्यावर ठेवलं तर दिवसभर खरखर. कंटाळून कुणीतरी ते नऊवर नेऊन ठेवतं. मग खरखर जाते, आणि लांबच्या वाडीतून येणारा बारीक आवाजही जातो. पावसाळ्यात आपल्याला नेमका तोच बारीक आवाज हवा असतो. आम्ही एक किंवा दोनवर ठेवतो. थोडी खरखर आली तरी सोसायची.

आता दुसरी तक्रार, "आमचं कुणाला ऐकू जात नाही." यात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे पडद्यावरच्या दोन ओळी. स्वस्तातल्या बहुतेक संचांवर वर एक आणि खाली एक असे दोन चॅनेल दिसतात. शेजारी लहानसा बाण असतो. बाण ज्या ओळीवर, तिथे आपला आवाज जातो. इथवर ठीक. पण मेनूत 'ड्युअल वॉच' म्हणून एक सोय असते, काही संचांवर तिला 'टीडीआर' लिहितात. ती चालू असली की संच दोन्ही ओळींवर आळीपाळीने कान ठेवतो, आणि जिथे आवाज येईल तिथे काही सेकंद थांबतो. त्याच सेकंदांत तुम्ही बटण दाबलंत तर तुमचं उत्तर त्या दुसऱ्या ओळीवर जातं. म्हणजे हाक मारली काकूंनी आणि उत्तर गेलं तिसऱ्याच कुणाला. काकू म्हणणार, संच बंद आहे. तुम्ही म्हणणार, मी तर बोलले. भांडणं होतात यावरून. आमचं मत स्पष्ट आहे. ड्युअल वॉच बंद करून टाका. दोन चॅनेल ऐकायची सोय आकर्षक असेल, पण पुराच्या रात्री एकच चॅनेल आणि त्यावर सगळ्या जणी, हेच बरं.

रिपीटरवरून बोलत असाल आणि तो उघडत नसेल, तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे बोलण्याचा टोन. दुसरी म्हणजे ऑफसेट. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. आपण वापरतो त्या दोन मीटरच्या पट्ट्यात, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, हा फरक बहुतेक वेळा ६०० किलोहर्ट्झचा असतो. तो संचात भरलेला नसेल तर तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येईल आणि तुमचं कुणालाच जाणार नाही. आवाज जातोय पण खोल विहिरीतून आल्यासारखा बारीक येतोय असं समोरची म्हणाली, तर वाईड आणि नॅरोचं सेटिंग दोघींचं सारखं आहे का बघा. त्याआधी माईकचं भोक बघा. भोक टाचणीएवढं असतं, त्यात पीठ जातं, किंवा आपलंच बोट त्यावर असतं.

बॅटरीवर मात्र जरा जास्त बोलायला हवं, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं. ऐकायला वीज अगदी थोडी लागते, बोलायला कितीतरी पट जास्त. त्यामुळे दमलेली बॅटरी दिवसभर छान ऐकवते आणि बोलायचं बटण दाबलं की संच टुक करून बंद पडतो, किंवा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. लोकांना वाटतं बटण बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, बॅटरीचा दम संपलेला असतो. आणि चार्जरच्या हिरव्या दिव्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कितीतरी चार्जरांवर बॅटरी न ठेवताही हिरवा दिवा लागतो. रिकामी बॅटरी ठेवली आणि लगेच हिरवा लागला, तर ती भरली म्हणून नाही, तिचे पत्रे चार्जरला टेकलेच नाहीत म्हणून. बॅटरी काढून तिच्या मागचे पितळी ठिपके बघा. चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या संचावर धूर आणि तेल यांचा थर बसतो. कोऱ्या खोडरबराने हलकेच घासा, कोरड्या फडक्याने पुसा, मग पुन्हा ठेवा. आता लाल दिवा लागेल. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र काही उपाय करत बसू नका, वापरू नका, चार्जही करू नका. आणि महिनोन्महिने ठेवायची असेल तर संचातून काढून अर्धी भरलेली ठेवा.

एक संच "गेला" म्हणून दुकानात दिला होता एका गटाने. दुकानदाराने आतला भाग जळाला म्हणून सांगितलं आणि नवीन घ्यायला लावला. जुना संच परत मागून आणला, शेजारच्या वाडीची बॅटरी लावली, आणि तो बोलायला लागला. तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. दुकानात जाण्याआधी अदलाबदल करायची. दोन संच एकाच बनावटीचे असले की एकाची बॅटरी दुसऱ्याला, मग एकाची अँटेना दुसऱ्याला. एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर दोष कुठे होता ते कळत नाही. वस्तूबरोबर दोष सरकला की दोष त्या वस्तूत. गटाच्या पैशातला रुपया न रुपया आपण व्याजासकट मोजतो, मग नुसत्या एका बॅटरीसाठी नवीन संच का घ्यायचा?

अँटेना घट्ट फिरवलेली हवी. ती काढून ठेवलेली असताना बोलायचं बटण कधीही दाबू नका, त्याने संच खरोखरच जळू शकतो. बोलताना संच तोंडासमोर उभा धरा. आडवा धरला, कमरेला अडकवून नुसता माईक तोंडाशी नेला, तर आपलं अंगच आवाज अडवतं. पत्र्याच्या छपराखाली बसून बोलू नका, अंगणात या. आणि ऐकू येईनासं झालं तर संचाला शिव्या घालण्याआधी दोन पावलं सरका. आपल्याकडे चारी बाजूंनी डोंगर. आवाज एक सरळ येतो, एक कड्यावर आपटून येतो, आणि दोन्ही एखाद्या जागी एकमेकांना मारून टाकतात. हातभर बाजूला तोच आवाज खणखणीत असतो. विजा चमकत असतील तर मात्र टेपाडावर चढून उभं राहायचं नाही.

ज्यांची वाडी अगदी खोलात आहे त्यांच्यासाठी आणखी एक उपाय. हॅम मंडळी त्याला 'टायगर टेल' म्हणतात. साधारण ४९ सेंटीमीटर लांबीची साधी वायर घ्यायची, तिचं एक टोक सोलून अँटेनाच्या बुडाशी असलेल्या बाहेरच्या धातूच्या कड्याला गुंडाळायचं, आणि उरलेली वायर खाली लोंबकळत सोडायची. मधल्या टाचणीला ती चुकूनही लागता कामा नये. दोन मीटरच्या पट्ट्यात याचा फरक पडतो, खर्च काहीच नाही.

बारीकसारीक खोड्या भरभर सांगतो. बटणं दाबून काहीच होत नाही, तर कुलूप लागलंय. कुलपाचं चिन्ह असलेलं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. संच आपोआप बोलायला लागतो, लाल दिवा मधेच लागतो, तर 'व्हॉक्स' चालू आहे. व्हॉक्स म्हणजे आवाज झाला की संच स्वतःच बोलायला लागतो. एका वहिनींच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आणि सासूबाईंशी झालेलं बोलणं आख्ख्या खोऱ्याने ऐकलं. बंद करा ते. लांबलचक बोलताना मधेच आवाज तुटतो, तर संचाने ठरवून दिलेली वेळ संपली. बटण सोडा, श्वास घ्या, पुन्हा दाबा. संच दुरुस्त झाला का हे बघायला दोन संच एकाच खोलीत घेऊन बोललात तर शिट्टी वाजते किंवा पलीकडचा बहिरा होतो. दोघांना काही झालेलं नसतं, ते फार जवळ आहेत एवढंच. एकीला संच घेऊन गल्लीच्या टोकाला पाठवा आणि पॉवर कमीवर ठेवा. घरात विशिष्ट वेळीच खरखर येत असेल तर एखादा एलईडी बल्ब किंवा मोबाईलचा स्वस्त चार्जर काढून बघा. आणि 'रीसेट' हा उपाय सगळ्यात शेवटी. त्याने भरलेले सगळे चॅनेल पुसले जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक गटाच्या वहीत, कर्जाच्या पानाच्या मागेच, चॅनेल, टोन आणि ऑफसेट पेनने लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट संचाची आहे आणि आपल्या भाषेचीही, आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बटण दाबल्याबरोबर आवाज निघत नाही. समोरचा संच वीज वाचवायला डुलक्या घेत असतो, त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. रिपीटरलाही लागतो. त्यामुळे पहिला शब्द कापला जातो. म्हणून बटण दाबा, मनात "एक" म्हणा, मग बोला. हे सगळ्या पुस्तकांत असतं. पण आपण मराठीत बोलतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीकडे येतो, आपल्याकडे तो येतो शेवटी. आणि घाईत बटण आपण शेवटचा शब्द संपायच्या आधीच सोडतो.

"पुलावरून येऊ नका." यातला "नका" कापला गेला तर समोर काय पोचतं? "पुलावरून येऊ." सराव करताना हे आम्ही प्रत्यक्ष ऐकलंय. "गोळी देऊ नका"चं "गोळी देऊ" होतं. "रस्ता चालू नाही"चं "रस्ता चालू" होतं. आवाज खणखणीत, संच उत्तम, आणि निरोप नेमका उलटा. बिघडलेला संच निदान गप्प तरी बसतो.

म्हणून आमच्याकडे तीन सवयी ठरवल्यात. बोलून झाल्यावर "ओव्हर" म्हणायचं आणि मनात "एक" मोजून मगच बटण सोडायचं. कापलं गेलंच तर "ओव्हर" कापलं जाईल, "नका" वाचेल. दुसरं, जीवावरचा निरोप नकाराने संपवायचा नाही. "पुलावरून येऊ नका" ऐवजी "थांबा, पूल बंद आहे, तिथेच थांबा" असं म्हणायचं. तिसरं, ऐकणारीने निरोप आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा आणि सांगणारीने "बरोबर" म्हणायचं. सुरुवातीला बायकांना हे शाळेतल्या पाढ्यांसारखं वाटतं. वाटू दे.

ही सवय संच कपाटात ठेवून लागत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी साडेआठला, भाकऱ्या झाल्या की, आम्ही परवानेवाल्या जणी एकमेकींना हाक मारतो. प्रत्येक जण आपलं कॉल साईन सांगते, बॅटरी किती आहे ते सांगते, वाडीवर पाऊस किती ते सांगते. दहा मिनिटांत संपतं. जिचा आवाज येत नाही तिच्याकडे त्याच दिवशी कुणीतरी जाऊन येतं. संचासाठी जातो, पण कधी कळतं की घरात ताप आहे.

पावसाआधीची आपली तपासणीची बैठक येत्या रविवारी दुपारी नेहमीच्या जागी आहे. येताना नुसता संच आणू नका. बॅटरी, अँटेना, चार्जर आणि गटाची वही, सगळं आणा. एक कोरा खोडरबर आणि ४९ सेंटीमीटर वायरही पिशवीत टाका. ज्यांचा परवाना नाही पण परीक्षा द्यायची इच्छा आहे त्यांनीही या, अर्ज कसा भरायचा ते दाखवू. आम्ही हॅम लोक निरोप घेताना ७३ म्हणतो, त्याचा अर्थ शुभेच्छा. तर मैत्रिणींनो, ७३. ओव्हर.